बँकेची म्हैस आणि माझी हळद

आमच्या घरी बँक आली ती चार पायांनी चालत आली. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चाकणच्या बाजारातून ती दिल्ली जातीची म्हैस वाटेत एक मुक्काम करून उरवड्याला आणली. तिच्या मागून एक रेडकू धडपडत येत होतं आणि रेडकाच्या मागून निम्मं गाव येत होतं. एवढं काळंभोर, एवढं थोराड जनावर आमच्या बाजूला कुणी पाहिलेलं नव्हतं. आमच्या गावठी म्हशी डोंगरात चरून यायच्या, संध्याकाळी तांब्याभर दूध द्यायच्या आणि वर शिंगही दाखवायच्या. ही मात्र दारात येऊन उभी राहिली, कान हलवले, आणि कानातला पितळी बिल्ला उन्हात चमकला. आत्या भाकरीचा तुकडा आणि पायांवर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली होती, ती बिल्ला बघून जागीच थांबली.

आत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती आमच्याकडेच राहायला आली होती आणि देव, चूल आणि सोवळंओवळं ही तीन खाती तिच्याकडे होती. तात्या गावात कुणाला भीत नसत, आत्याला भीत. तिनं तांब्या हातात तसाच धरून विचारलं, "बिल्ला कुणाचा ह्यो?"

"बँकेचा," तात्या म्हणाले.

"मंग म्हस बँकेची?"

"म्हस आपली. कर्ज बँकेचं."

"कर्ज काढलंस तर पैसं कुटं हायेत?"

"म्हस हेच पैसं. सोसायटीच्या सेक्रेटरीनं बाजारात मालकाच्या हातावर ठेवलं. माझ्या हाताला रुपाया लागला न्हाई."

"तुझ्या हाताला लागला न्हाई, तर तू फेडायचा कशाला?" आत्या म्हणाली. ह्यावर तात्यांनी फेटा काढून पुन्हा बांधला. उत्तर सापडेना की ते फेटा बांधत. शेवटी आत्यानंच निवाडा केला. पाणी पायांवर घालायचं, कारण दारात आलेल्याला ते घालावंच लागतं. कुंकू मात्र लावायचं नाही, कारण दुसऱ्याच्या लेकीला आपण आपलं म्हणून कसं मिरवणार? म्हशीनं भाकरी खाल्ली आणि आत्याच्या पदरालाही तोंड लावलं.

आज माझा नातू कर्ज काढतो ते फोनवर. खोलीतून बाहेरही येत नाही आणि गाडी दारात उभी असते. त्याला मी हे सांगते तेव्हा तो हसतो. पण त्या वेळी आमच्या घरात कर्ज म्हणजे नेमकं काय ते कुणालाच कळलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तात्यांनाही नव्हतं. सेक्रेटरींनी त्यांना समजावलं होतं ते असं : ही म्हैस दुधात असताना हप्ता दुधातून परस्पर कापला जाईल. ती आटायला आली की हप्ता थांबेल, म्हणून त्याआधी बँक दुसरी म्हैस देईल. एक आटली की दुसरी दुधात, असं चक्र चालू राहील. मात्र दुसरी देण्याआधी बँकेचे साहेब स्वतः येऊन, डोळ्यांदेखत धार काढून बघणार. तात्यांनी ह्याचा अर्थ लावला तो असा की साहेबांसमोर धार नीट निघाली नाही, तर दुसरी मिळणार नाहीच, पण पहिलीही सोडून नेतील. ह्यातलं खरं किती आणि तात्यांच्या मनातलं किती, हे मला आजतागायत माहीत नाही.

गावानं तिचं नावच 'बँक' पाडलं. "बँकेला पाणी पाजलं का?", "बँक लई हंबरतीया", असं सगळे सहज म्हणत. घरात मात्र तिच्या येण्यानं एक चमत्कारिक गोष्ट झाली. गावठी म्हशी विकल्या नव्हत्या तोवर आमच्याकडं ताक मापानं कधी मोजलं नव्हतं. आंबेमोहोराचा गरम भात, त्यावर ताकाची कढी, आणि शेजारणीही तांब्या घेऊन हक्कानं यायच्या. बँक आली आणि दूध सगळं कॅनमध्ये जाऊ लागलं. तात्या पहाटे सायकलला कॅन अडकवून पिरंगुटाला जायचे, तिथून दुधाची मोटार पुण्याला. दारात एवढी थोरली म्हैस, आणि आम्ही चहा कोरा पीत होतो. शेजारीण तांब्या घेऊन आली की आई आत जाऊन उगाच भांडी घासायची. मला ह्याची लाज वाटायची, आणि तात्यांचा अभिमानही वाटायचा.

आता माझ्या हाताचं सांगते. रेडकू महिन्याभरात दगावलं. पोट फुगलं आणि एका सकाळी ते उठलंच नाही. रेडकू गेलं की म्हैस पान्हा चोरते, हे आम्हाला ठाऊक होतं. काही ठिकाणी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून तिच्या पुढ्यात उभं करतात, पण आत्यानं तसलं काही दारात येऊ दिलं नसतं. तात्या बसले, म्हशीनं लाथ मारली. आई बसली, कास दगडासारखी घट्ट. दोन दिवस म्हैस हंबरत राहिली आणि तात्या फेटा बांधत-सोडत राहिले. तिसऱ्या दिवशी मी आंबोणाची पाटी तिच्यापुढं ठेवली, गळ्याखाली खाजवत उभी राहिले आणि मला सवय होती तसं नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत होते. त्या गुणगुणण्याला ना शब्द होते ना चाल. शाळेतून येता-जाता लागलेला तो एक चाळा होता. म्हशीनं मान खाली टाकली. मी सहज सडाला हात लावला आणि चरवीत पहिली धार वाजली.

त्या दिवसापासून ती माझ्या हातावर पडली. दुसऱ्या कुणाला थेंब द्यायची नाही. मी नुकतीच परकरातून लुगड्यात आले होते. घरात तोवर माझी किंमत म्हणजे 'सुभे, पाणी आण' आणि 'सुभे, सरपण आण' एवढीच होती. आता तात्या मला ताटात आधी वाढायला सांगू लागले. माझ्या बोटाला विळी लागली तर स्वतः हळद लावून चिंधी बांधायचे. मला फार सुख वाटायचं. पण चिंधी बांधता बांधता ते म्हणायचे, "हात जपावा पोरी, दोन टायमाचं दूध हाय." मग माझ्या मनात यायचं, हे सुभीला म्हणतायत की हाताला? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तरी त्यांनी फेटाच सोडला असता.

दर महिन्याला मी बाजूला बसायची तेव्हा तर घरात मोठाच गोंधळ उडायचा. विटाळशीनं गोठ्यात पाऊल टाकलं तर दूध नासतं, अशी आमच्याकडची पक्की समजूत. आणि दुसरा कुणी बसला तर म्हैस थेंब देत नाही. पहिल्या खेपेला आत्या आणि तात्या पडवीत बसून हलक्या आवाजात बराच वेळ बोलत होते. अखेर आत्यानं निकाल दिला : सुभीनं धार काढावी, त्या दिवसांतलं दूध घरात आणू नये, देवाला दाखवू नये, सरळ कॅनमध्ये घालावं. "पुण्याच्या लोकांना कळत न्हाई, आन् बँकेला चालतं," ती म्हणाली. मग मी गोठ्याच्या मागल्या अंगानं जायची, धार काढायची, आणि परत येऊन कोपऱ्यात घोंगडीवर बसायची. मला पाणी वरून वाढायचे. त्याच हातानं काढलेलं दूध पुण्यात कुणाच्या तरी देवापुढंही गेलं असेल. विटाळ माझ्या अंगाला होता की फक्त आमच्या उंबऱ्याला, हे मला समजेना.  आई तोंड दुसरीकडं करून भाकऱ्या थापत राहायची.

ह्यातच माझं लग्न अडकलं. सुपारी फुटली होती ती म्हैस येण्याच्या आधीच. घोटावड्याचं घर, चांगली भातखाचरं, मुलगा सातवी पास. मी त्याला एकदाच पाहिला होता, तोही खाली मान घालून, म्हणजे पायच पाहिले होते. लग्न माघात व्हायचं होतं. माघ आला तसे तात्या घोटावड्याला गेले आणि चैत्रावर ढकलून आले. चैत्र आला तेव्हा त्यांनी वैशाखाचं नाव काढलं. तेव्हा सासरे स्वतःच आमच्या पडवीत येऊन बसले. स्वभावानं रोखठोक माणूस.

"तात्या, खरं सांगा," ते म्हणाले, "पोरगी आमाला दिलीया का म्हशीला?"

"तसं न्हाई पाव्हणं. बँकेचा साहेब येऊन जाऊ द्या. दुसरी म्हस पदरात पडली की माझी चिंता मिटली."

"आमी वैशाखाच्या पल्याड थांबत न्हाई. तुमी म्हस सांबाळा, आमी दुसरीकडं बघतो."

आई दाराआड उभी होती. माझी सोयरीक मोडली तर पुन्हा जुळणं कठीण, हे तिला माहीत होतं. मोडलेल्या सोयरिकीची मुलगी म्हटलं की लोक आधी मुलीत खोट शोधतात. तिनं आतूनच सांगितलं, "वैशाखात व्हईल. माझा शबुद." नवऱ्याच्या वतीनं पाहुण्यांना शब्द देताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

मला स्वतःला काय हवं होतं? हे मला इतक्या वर्षांनी कुणी विचारलं तर मी काय सांगू? गोठ्यात असले की वाटायचं, इथून हलूच नये. इथं मी कुणीतरी आहे. आणि विहिरीवर बरोबरीच्या मुली बाळंतपणाला माहेरी आलेल्या दिसल्या की वाटायचं, बाई, आपण ह्या म्हशीच्या मागंच म्हाताऱ्या होणार. एकाच दिवसात दोन्ही वाटायचं. मी लग्न लवकर व्हावं म्हणून मारुतीला पाणी घालायची, आणि परत येताना होऊ नये असंही म्हणायची. मारुतीचाही गोंधळ उडाला असेल.

वैशाखात हळदीच्या दिवशी संध्याकाळी साहेब आले. मांडवात बायका बसलेल्या, मी पिवळीधमक होऊन पाटावर, आणि सेक्रेटरी घाम पुसत दारात. त्यांच्या मागं बुशशर्ट घातलेला, चष्मा लावलेला, पुण्याचा एक तरुण माणूस. "आज लग्नघर आहे हे मला माहीत नव्हतं," तो कानकोंडा होऊन म्हणाला. "पण पुढच्या आठवड्यात माझी बदली होतेय. नवीन साहेब पावसाळ्याआधी इकडं येतील असं वाटत नाही. धार बघितली की लगेच निघतो."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. सगळ्या बायकांनी माझ्याकडं पाहिलं. मी पाटावरून उठायला लागले, कारण संध्याकाळ झाली की उठायचं एवढंच माझ्या पायांना माहीत होतं. आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला खाली बसवलं.

"अगं, एकदाच," तात्या म्हणाले. "हात धुऊन घील."

"हळद लागलीया तिला."

"दर म्हैन्याला चालतंय, आन् आज—"

"दर म्हैन्याला म्या डोळं मिटलं," आई म्हणाली. तिचा हात खांद्यावरून निघाला नाही. "आज न्हाई मिटायची. हळद लागलेली पोर जनावराखाली बसणार न्हाई. मंग तुमची बँक ऱ्हावो न्हाईतर जावो."

 तात्या आत्याकडं वळले, कारण असल्या वेळी आत्या काहीतरी पळवाट काढत असे. आत्यानं आधी माझ्याकडं, मग गोठ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "ती गेली तरी काय उपेग? अंगाला हळदीचा वास मारतोय. म्हस वळखायची न्हाई तिला." आणि मग, जणू पुढचं त्यातूनच आपोआप निघतं अशा थाटात, "तिचं रोजचं लुगडं कुटंय? वास त्याला हाय."

लुगडं गोठ्याच्या भिंतीवर टाकलेलं होतं, चौकड्याचं, मांडीवर दुधाचे डाग पडलेलं. हळदीला बसताना मी ते उतरवून ठेवलं होतं. तात्यांनी फेटा काढला, पण ह्या वेळी पुन्हा बांधला नाही. तो आत्याच्या हातात दिला. झुपकेदार मिशांचा, गावकीत पहिल्या ओळीत बसणारा तो माणूस गोठ्यात गेला आणि पंचाच्या वरून माझं लुगडं कसंबसं गुंडाळून, डोक्यावरून पदर घेऊन म्हशीखाली बसला. मांडवातल्या बायका फिसकन हसल्या. पोरंटोरं हसली. सेक्रेटरी खोकल्याचं सोंग करू लागले. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिले.

मी मागल्या दारात येऊन उभी राहिले. आईनं उंबऱ्यापर्यंत येऊ दिलं. तात्यांची पाठ दिसत होती, आणि म्हशीची मान. तिनं मान वळवून लुगड्याचा वास घेतला. लाथ मारली नाही. पण पान्हाही सोडला नाही. तात्या सड चोळत होते, कुजबुजत होते, "सोड गं बाय, सोड," आणि चरवी कोरडी. साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं.

त्या क्षणी मी काय मागत होते ते सांगते. तिनं दूध देऊ नये, असं मी मागत होते. मनापासून मागत होते. तिनं पान्हा चोरावा, साहेबांनी जावं, आणि सगळ्यांना कळावं की सुभीवाचून ह्या घरात काही होत नाही. मग तात्यांच्या डोक्यावरून पदर घसरला आणि त्यांचं टक्कल उघडं पडलं. तात्यांचं उघडं डोकं मी कधी दुसऱ्यांसमोर पाहिलं नव्हतं. पुन्हा हसू उसळलं. तात्यांनी पदर सावरायला हातही उचलला नाही. दोन्ही हात सडांवर होते. आणि माझ्याही नकळत मी उंबऱ्यावरून गुणगुणायला लागले.

का, ते विचारू नका. हात लावायचा नाही असं आई म्हणाली होती. आवाजाचं कुणी काही म्हटलं नव्हतं. म्हशीनं कान टवकारले. मान खाली टाकली. आणि चरवीत धार वाजली. मग दुसरी. हसू आपोआप थांबलं. चरवीवर फेस चढला आणि साहेब "वा, वा" म्हणाले. दुसरी म्हैस मंजूर झाली, असं त्यांनी तिथंच गोठ्याच्या दारात सांगितलं आणि मांडवातले लाडू खाऊन गेले. मी रडत होते. बायकांना वाटलं, नवरी रडते. माझ्या गालांवरची हळद पुसली जायला लागली म्हणून आत्या रागावली.

म्हशीनं पान्हा सोडला तो लुगड्याला, माझ्या आवाजाला, की तात्यांच्या हाताला, ह्यावर लग्नाच्या पंगतीतही वाद झाला. मला मात्र वाटलं की मीच माझ्या हातानं, म्हणजे तोंडानं, माझी गरज संपवून टाकली. दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या आणि घोटावड्याच्या गाडीत बसताना तात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. त्यांची चिंता मिटली होती. मला त्यांचा रागच आला होता, आणि तो राग मी सासरी घेऊन गेले.

आषाढात रीतीप्रमाणे मला माहेरी आणलं. पाऊस लागून राहिला होता, आणि आईनं तळणीत कापण्या सोडल्या होत्या. मी पाय धुतले आणि सवयीनं आधी गोठ्यात गेले. आता तिथं दोन म्हशी होत्या. बँक आटत आली होती. मी नव्या लुगड्यात तिच्याजवळ गेले, गळ्याखाली हात नेला, तर तिनं फुसकारून मान काढून घेतली आणि दाराकडं बघायला लागली. मी हात मागं घेतला. डोळ्यांत पाणी यायला लागलं म्हणून चुलीपाशी येऊन बसले.

"आता तिला त्यांचाच हात लागतो," आई म्हणाली. "पैल्या दिवशी लई तरास झाला. मंग सोडायला लागली."

"लुगडं नेसून?"

"पैले आठ दिस. मंग एकदा ह्ये घाईत तसंच बसलं, तर तशीच दिली तिनं." आईनं झाऱ्यानं कापणी उलटली. "तवापास्नं लुगड्याची गरज न्हाई. म्या म्हनलं, धुऊन सुभीकडं धाडून देऊ. तर देईनात."

तेवढ्यात मागल्या दारातून दिसलं, तात्या गोठ्यात शिरले. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. बँकेला त्यांनी हातही लावला नाही. तिचं दूध ते आता सकाळीच काढत. आंबोणाची पाटी त्यांनी दुसऱ्या म्हशीपुढं ठेवली. ती गरीब होती, कुणाच्याही हाताला सोडायची, आणि मी सासरी गेल्यावर दावणीला आलेली. तिनं मला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. तात्यांनी भिंतीवरचं चौकड्याचं लुगडं काढलं, झटकलं, खांद्यांवरून नीट ओढून घेतलं, आणि मग चरवी घेऊन तिच्याखाली बसले.